मोठ्यानं वाचताना

ता. ९ जानेवारी

प्रिय वन्सं,

नमस्कार. अक्षर ओळखलंत का? ह्या अक्षरात तुम्हाला आजवर फक्त पाकिटावरचा पत्ता दिसला असेल. आतला मजकूर तुमचे भाऊ लिहीत, आणि तोही कधीकाळी, चार ओळींचा. आता पाकीटही माझं आणि मजकूरही माझाच, तेव्हा जरा पाल्हाळ होईल, सांभाळून घ्या.

इकडे सगळं ठीक म्हणायचं. गुडघे कुरकुरतात. वरची खिडकी पुन्हा चिकटून बसली आहे, ती उघडायला यांचाच हात लागायचा. समोरच्या शिंप्यानं दुकान वाढवलं, त्यामुळे दिवसभर मशीनची घरघर. वाचनालय मात्र चालू आहे. 'आता बंद करून टाका, कशाला जिवाला त्रास' असं सांगणारे पुष्कळ भेटले. त्यातला एकजणही आजवर सभासद नव्हता.

पत्राचं कारण पुस्तकं. विक्रेता दर महिन्याला नव्या पुस्तकांचं खोकं पाठवतो. पसंत पडतील ती ठेवायची, बाकीची परत. हे होते तोवर मला निवडीची काळजी नव्हती. यांची नजर अधू झाल्यावर दुपारी वाचनालय बंद असतं त्या वेळात मी मोठ्यानं वाचायची आणि हे खुर्चीत डोळे मिटून ऐकायचे. पहिलं पान कधीच नाही. 'पहिल्या पानासाठी सगळेच तोंड धुऊन बसतात, मधलं काढ,' म्हणायचे. मी मधलं काढायची. वाचता वाचता खोटं वाक्य आलं की हे घसा खाकरायचे. बोलायचे काही नाहीत. दोन पानांत तीनचारदा खाकरले की पुस्तक परतीच्या खोक्यात. खोटं म्हणजे नेमकं काय हो, असं विचारलं तर म्हणायचे, 'कानाला कळतं.' आता हे काय उत्तर झालं?

हे गेल्यावर मी आपल्या अकलेनं निवड केली आणि पार फजिती झाली. वेष्टन देखणं, मागे मोठमोठ्या लोकांचे अभिप्राय, एकावर तर पारितोषिकाचा सोनेरी गोल चिकटवलेला. नर्सबाई म्हणून आपल्या जुन्या सभासद आहेत, इस्पितळातून निवृत्त झालेल्या, त्यांनी ती कादंबरी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "अहो, यातली बाई तीन प्रकरणं अंथरुणाला खिळून आहे, पण एकदाही कुणी तिची कूस बदलली नाही. कशावरून रडू मी?" बँकेतले काका आत्मचरित्रांशिवाय काही वाचत नाहीत. त्यांना मी एका बड्या अधिकाऱ्याचं दिलं. दुसऱ्या दिवशी परत. "या माणसाचं जन्मात काही चुकलंच नाही हो. मग लिहायला बसला कशाला?"

आता पुढे लिहिते ते वाचून हवं तर हसा, पण पत्र फाडू नका.

पावसाळा संपल्यावर एका दुपारी मी पुन्हा मोठ्यानं वाचायला बसले. ऐकणारं कुणी नव्हतं. घरात माणसाचा आवाज हवा म्हणून बसले, दुसरं काय. एका बाईंचं आत्मकथन होतं. 'माझी आई म्हणजे मूर्तिमंत त्याग' असं वाक्य आलं, आणि मागच्या कपाटाकडून घसा खाकरल्याचा आवाज आला.

मी उठून सगळं पाहिलं. पाण्याचा नळ पाहिला, मांजर पाहिलं, शेजारचा रेडिओ चालू आहे का म्हणून भिंतीला कान लावला. काही नाही. परत बसून तेच वाक्य वाचलं. पुन्हा तोच आवाज. सुरुवातीला कोरडा आणि शेवटी जरा वर चढणारा. वन्सं, त्या आवाजाशेजारी मी उभं आयुष्य काढलं आहे, मला तो दुसऱ्या कुणाचा वाटणं शक्य नाही.

घाबरले, खोटं कशाला सांगू. दोन दिवस त्या मागच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. मग पुन्हा बसले. तेव्हापासून हे चालू आहे. मनातल्या मनात वाचलं तर आवाज येत नाही. मी बोलले तर येत नाही. 'तुम्ही आहात का?' असं किती वेळा विचारलं, उत्तर नाही. फक्त पुस्तकातलं वाक्य मोठ्यानं वाचलं आणि ते खोटं असलं, तरच. त्या अधिकाऱ्याचं आत्मचरित्र मुद्दाम पुन्हा मागवून वाचलं, तर यांचा घसा बसेल की काय असं वाटून मीच थांबले.

सभासद खूश आहेत. नर्सबाई म्हणाल्या, "तुमचा हात बसला आता."

तर तुम्हाला विनंती अशी, की तुम्ही आयुष्यभर भाषा शिकवलीत, नवंजुनं सगळं वाचता. यंदाच्या कादंबऱ्या आणि आत्मकथनं यांतली वाचण्याजोगी कोणती ते कळवाल का? खोक्यात येतं ते गाळून गाळून मी किती गाळू? तुमच्या ओळखीतल्या कुणी लिहिलं असेल तर तेही संकोच न करता कळवा.

कळावे. थंडी आहे, छाती सांभाळा. तुमच्या घराण्यात सगळ्यांचीच छाती नाजूक.

तुमची,
वहिनी

—

ता. ३ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

तुमचं उत्तर इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. उत्तर येईल असंच वाटलं नव्हतं, खरं तर. आवाजाबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत. 'वहिनीचं डोकं फिरलं' असं मनात आलं असेल, पण तसं लिहिलं नाहीत, हे तुमचं मोठेपण.

यादी मिळाली. सगळी मागवली. खाणीवरच्या कामगाराची कादंबरी मी दोन दुपारी वाचली, कपाट अगदी गप्प. दाईचं आत्मकथनही तसंच. मी मध्येच थांबून कान देत होते, की हे उठून गेले की काय. ती दोन बहिणींची कादंबरी मात्र शेवटी शेवटी खाकरण्यात गेली. बहिणी इतक्या झटपट गळ्यात पडतात होय? तुम्हाला ती का आवडली ते मला नीटसं कळलं नाही. कदाचित कळलंही असेल.

काल नर्सबाईंना दाईचं पुस्तक दिलं, त्या तिथेच उभ्यानं वाचायला लागल्या. बँकेतले काका त्यांच्या खांद्यावरून डोकावले तेव्हा त्यांनी पुस्तक छातीशी धरलं. फार दिवसांनी मला हसू आलं.

आता एक लिहायचं आहे. आधी मी धुणं वाळत घातलं, भांडी आवरली, बूड हलवायला जेवढी निमित्तं सापडली तेवढी शोधली, आणि आता बसले आहे.

तुमच्या यादीत एक पुस्तक नव्हतं, वन्सं. निळ्या वेष्टनाचं, मागे तुमचा फोटो असलेलं. डिसेंबरच्या खोक्यात आलं. वेष्टनावर तुमचं नाव पाहिलं, तेव्हा पुस्तक उलटून फोटोही पाहिला. पहिल्या पत्रात त्याविषयी लिहायचं होतं, पण धीर झाला नाही. म्हणून ओळखीच्या माणसांच्या पुस्तकांबद्दल विचारलं. तुम्हीही कळवलं नाहीत. दोघी सारख्याच.

महिनाभर ते मी इस्त्रीच्या कपड्यांखाली ठेवलं होतं. खोकं परत गेलं तेव्हा त्यात घालायचं ठरवलं, मग बाहेर काढलं. एक खरं सांगते, मला तुमचा राग होता. का ते तुम्हाला ठाऊक आहे असं मी समजून चालले होते. हे गेले तेव्हा तुम्ही आलात, दाराशी उभ्या राहिलात, आणि मी बसा म्हटलं नाही. तोच राग. पण पुस्तकाशी भांडण कसलं, असं म्हणून मागच्या आठवड्यात वाचायला घेतलं. मधून नाही, पहिल्या पानापासून. आणि मोठ्यानं.

लहानपणची प्रकरणं वाचताना तो आवाज एकदाही आला नाही. मामंजी छापखान्यासाठी मुद्रितं तपासायचे एवढं मला माहीत होतं. पण कसे तपासायचे ते मी तुमच्याच पुस्तकात वाचलं. ते छापलेला कागद मोठ्यानं वाचायचे, विरामचिन्हांसकट, 'स्वल्पविराम', 'पूर्णविराम' असं म्हणत, आणि समोर लेकरू मूळ हस्तलिखित धरून बसायचं. जुळलं की लेकरानं 'हं' म्हणायचं. नाही जुळलं तर वाचणाऱ्याला मध्येच तोडायचं नाही, नुसता घसा खाकरायचा.

हे वाचलं आणि मी पुस्तक मांडीवर ठेवलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी तो आवाज ऐकत होते. मला वाटायचं, खोडच आहे माणसाला. कुणी लग्नात भाषण केलं तरी खाकरायचे, मी कोपरानं ढोसायची. यांनी मला कधी सांगितलं नाही, की त्या आवाजाचा अर्थ 'मुळाबरहुकूम नाही' असा आहे.

का सांगितलं नाही तेही पुढच्या प्रकरणात आलं. आधी हस्तलिखित धरायला हेच बसत. एका निधनवार्तेत गेलेल्या गृहस्थांच्या जागी त्यांच्या जिवंत भावाचं नाव छापलं गेलं. मामंजींनी कागदावरचं चुकीचं नाव तसंच वाचलं होतं, हातात मूळ प्रत धरून हे खिडकीबाहेर बघत 'हं' म्हणाले होते. जिवंत भाऊ छापखान्यात येऊन उभा राहिला. मामंजींनी मारलं नाही, रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी यांच्या हातातली प्रत काढून तुमच्या हातात दिली, एवढंच. तुम्ही लिहिलं आहे, 'मला त्या दिवशी फार आनंद झाला आणि दादाकडे बघायचं मी टाळलं.' कपाट गप्प होतं. मी मात्र रडले.

आता पुढचं प्रकरण मामंजींच्या आजारपणाचं आहे. पान उघडून ठेवलं आहे. तुम्ही का आला नाहीत ते त्यात लिहिलं असणार. यांनी मला जे सांगितलं ते खरं, की तुम्ही लिहिलंत ते, हे आता मला कळणार. कोणतंही खरं निघालं तरी माझं काहीतरी जाणारच आहे. म्हणून आज वाचत नाही.

तुमची,
वहिनी

—

ता. २० फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पत्र आलं. 'पुढचं प्रकरण नाही वाचलंत तरी चालेल, वहिनी' एवढंच वाक्य. तोवर बहुतेक वाचून झालं होतं.

सुरुवातीला मनातल्या मनातच वाचलं. आवाज यायला नको म्हणून. भित्रेपणा म्हणा हवं तर.

तुम्ही लिहिलं आहे, 'मला कुणी बोलावलं नाही. शाळेच्या कचेरीतला फोन माझ्या टेबलाला लागूनच होता. त्या दिवसांत तो माझ्यासाठी एकदाही वाजला नाही. सगळं उरकल्यावर दादाचं कार्ड आलं.'

आता माझ्याकडचं ऐका. त्या वेळी आपल्याकडे फोन नव्हता. हे चौकातल्या औषधांच्या दुकानातून करायचे. मामंजींचं काही खरं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी मीच म्हटलं, "अहो, वन्संना कळवा." हे उठले, चपला घातल्या, गेले. परत आले तेव्हा मी दारातच विचारलं, "काय म्हणाल्या?" हे म्हणाले, "जमणार नाही म्हणाली." एवढंच. मी यांना चहा करून दिला. चेहरा इतका उतरला होता की तुमच्यावर माझं पित्त खवळलं. बापासाठीसुद्धा सवड होत नाही, असली कसली लेक? तेव्हापासून तुमचं नाव निघालं की मी कामाला लागायची. पाकिटावर पत्ता घालायची तोही दात खाऊन.

हे पान मोठ्यानं वाचायला हवं होतं. मी खुर्चीकडे तोंड करून बसले. वन्सं, मला तो आवाज हवा होता. तुमच्या पुस्तकातलं ते एकच पान खोटं ठरावं, बाकी तुमचं सगळं खरं असू दे, असा मी धावा करत होते. वाचलं. 'मला कुणी बोलावलं नाही.' थांबले. समोर शिंप्याच्या मशीनचा आवाज, बाकी काही नाही. पुन्हा वाचलं, जरा चढ्या आवाजात. मग उभी राहून वाचलं. मग मात्र ओरडलेच, "सगळ्या जगाच्या पुस्तकांना खाकरता, आता का दातखीळ बसली? बोला की!"

काही नाही. ती खोली इतकी रिकामी मी कधी पाहिली नव्हती.

राग आला. मेलेल्या माणसाचा राग कुठे ठेवायचा हो? भांडी आपटून झाली. यांचा चष्मा टेबलावर होता तो खणात टाकून दिला. मी यांच्याबरोबर सुखानं संसार केला, आणि माझ्या हातून चहाचा कप घेताना हा माणूस खोटं बोलला होता. आणि आता त्याला खोटं बोलता येत नाही, म्हणून गप्प. गप्प राहून कबूल करणं हेच एक आता त्याच्या हातात उरलं असावं. पण मला काय त्याचं? मी बाकी किती गोष्टी विश्वासानं ऐकल्या, त्यांचं काय करू?

चारपाच दिवस वाचनालय उघडायचं, पुस्तकं द्यायची, घ्यायची, आणि त्या खोलीकडे पाठ करायची, असं चाललं. नर्सबाईंनी विचारलं, "आजारी आहात का?" मी म्हटलं, "पुस्तक लागलं." त्यांना ते पटलं.

मग काल दुपारी प्रकरण पुरं करायला बसले. म्हटलं, उरलेलं एक पान तरी का टाकायचं? शेवटच्या परिच्छेदात तुम्ही लिहिलं आहे, 'वडिलांनी जाताना माझी आठवणही काढली नसावी. आणि ते मी समजू शकते.'

आणि हे खाकरले.

कपाटाकडून नाही. अगदी माझ्या कानाशी. मी पुन्हा वाचलं, पुन्हा खाकरले. मला वाटलं, 'समजू शकते' याला असेल. म्हणून ते वाक्य वेगळं वाचलं, तर शांत. पहिलं वाचलं, तर पुन्हा. आणखी वाचवेना, कारण त्या आवाजात आता निवाडा नव्हता. माणूस रडू आवरताना घसा साफ करतो ना, तसं वाटलं मला.

आणि मग मला कळलं, की हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. यांनी सांगितलं नाही. मी सांगितलं नाही, कारण तुम्हाला फोनवर सगळं कळलं आहे आणि तरीही तुम्ही आला नाहीत, अशीच माझी समजूत होती. आता हे सांगू शकणारी मी एकटी उरले आहे. म्हणून नीट वाचा.

मामंजींची कॉट खिडकीशी होती. मी त्यांना चमच्यानं पाणी पाजत होते. हे पायाशी बसले होते. शेवटी शेवटी मामंजी भ्रमात असायचे. छताकडे बघून वाचायचे. खरंच वाचायचे, वन्सं, वर छापलेला कागद असावा तसं. मजकूर समजायचा नाही, पण 'स्वल्पविराम' स्पष्ट म्हणायचे. 'पूर्णविराम' म्हणायचे आणि थांबायचे. कान टवकारून थांबायचे. ते कशासाठी थांबतात ते मला तेव्हा कळायचं नाही. यांना कळायचं. हे पुढे वाकून म्हणायचे, "हं."

आणि मामंजी मान हलवायचे. "तू नव्हे. बिट्टी कुठंय? प्रत तिच्याजवळ आहे."

हे एकदा नाही झालं. दिवसभर चालायचं. हे 'हं' म्हणायचे, आणि मामंजी 'तू नव्हे' म्हणायचे. मला वाटायचं, म्हातारपणाची बडबड आहे, हे उगीच मनाला लावून घेतात. बिट्टी कोण हेसुद्धा मी त्या वेळी विचारलं होतं. हे म्हणाले, "धाकटी." त्याच संध्याकाळी हे फोन करायला म्हणून चौकात गेले.

मी यांची बाजू घेत नाही. तो फोन यांनी करायला हवा होता, आणि केला नाही, आणि त्याला क्षमा करायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. माझं अजून ठरत नाही. चौकापर्यंत जाऊन, नंबर माहीत असून, हा माणूस दुकानासमोर किती वेळ उभा राहिला असेल, एवढंच माझ्या डोळ्यांसमोर येतं, आणि मग राग येतो, आणि मग पुन्हा तेच येतं.

पण मामंजींचं ठरलेलं होतं. शेवटच्या दिवशी बोलणं बंद झालं तरी ओठ हलत होते. हलायचे, थांबायचे. थांबले की दाराकडे बघायचे.

तुमचं पुस्तक मी ठेवून घेतलं आहे. पुढच्या कपाटात, नव्या पुस्तकांच्या ओळीत लावलं आहे. बँकेतले काका काल संध्याकाळीच घेऊन गेले, आज येऊन म्हणाले, "या बाईंच्या वडिलांचं पुढे काय झालं हो, त्या तिथे नव्हत्या वाटतं?" मी म्हटलं, "नव्हत्या."

कालपासून आवाज नाही. आज मुद्दाम एक अत्यंत भिकार कादंबरी काढून सबंध प्रकरण वाचलं, कुणीही खाकरलं नाही. येईल की नाही ठाऊक नाही. नव्या खोक्यातून आता माझी मीच निवडायला हवीत.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तर ते एक वाक्य काढून टाका. पुरावा काय, असं प्रकाशकानं विचारलं तर माझं नाव सांगा. आणि आवृत्ती निघो न निघो, तुम्ही या. वाटेल तेव्हा या, न कळवता या. मामंजी काय वाचत होते, कसे थांबत होते, ते कागदावर उतरत नाही. ते मला तुमच्यासमोर बसून सांगायचं आहे.

त्यांनी तुमची आठवण काढली होती. मी त्या खोलीत होते.

तुमची वाट बघणारी,
वहिनी